हायब्रिड गाडीत मोठी साऊंड सिस्टीम बसवताय? आधी करंटचा हिशोब मांडा

मित्रांनो, मी इंदौरला राहतो, सुदामा नगरमध्ये, आणि आमच्याकडे स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही आहे. कंपनीचे स्पीकर ठीकठाक होते पण बाबांना गाडीत कुमार गंधर्व आणि अमीर खाँसाहेब ऐकायचे असतात आणि त्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज येतच नव्हता, नुसती वरची झणझण. म्हणून ॲम्प्लिफायर, चार नवे स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर) असा बेत केला. दुकानात विचारलं की हायब्रिड आहे, चालेल ना, तर उत्तर मिळालं, "भैया, सब हो जाएगा." बसवूनही दिलं. आणि तीन आठवड्यांनी, पहाटे पाच वाजता, पुण्याच्या लग्नाला निघायच्या वेळी गाडी सुरूच होईना. बाबा नि आत्या मागच्या सीटवर बसलेले, डिकी सामानाने भरलेली, आणि डॅशबोर्डवर एकावर एक वॉर्निंग. कारण नंतर सांगतो.

त्यानंतर मी सगळं उघडून परत बसवलं, एका ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांना सोबत घेऊन. आता दीड वर्ष झालं, एकदाही त्रास नाही. जे शिकलो ते क्रमाने लिहितोय, कारण मराठीत हे कुठे एका जागी सापडत नाही आणि पेट्रोल गाडीचे सल्ले हायब्रिडला जसेच्या तसे लागत नाहीत.

१) आधी आपली हायब्रिड कोणती ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "स्मार्ट हायब्रिड" किंवा माइल्ड हायब्रिड म्हणजे साधी पेट्रोल गाडीच, फक्त अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर असतो आणि जोडीला एक छोटी लिथियम बॅटरी. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे हायरायडर, ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटीचं हायब्रिड वगैरे, यांचं सगळं गणित वेगळं. यांना अल्टरनेटर नसतोच. एक मोठी हाय व्होल्टेज बॅटरी असते, साधारण पावणेदोनशे-दोनशे व्होल्टची (हायरायडरची १७७.६ व्होल्ट), आणि एक डीसी-डीसी कन्व्हर्टर त्यातले व्होल्ट उतरवून १४ च्या आसपास आणतो आणि तुमची साधी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज ठेवतो. लाइट, वायपर, ब्लोअर, पॉवर विंडो, आणि हे नीट लक्षात घ्या, स्टिअरिंगची मोटर आणि ब्रेकचं कंट्रोल युनिटसुद्धा त्याच १२ व्होल्टवर. तुमचा ॲम्प्लिफायर पण त्याच ताटात जेवणार.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः स्ट्राँग हायब्रिडसाठी आहे.

२) १२ व्होल्टची बॅटरी एवढीशी का असते

पेट्रोल गाडीत बॅटरीला इंजिन फिरवायचं असतं, त्यासाठी शेकडो अँपिअर एकदम लागतात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावर फिरतं, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीचं काम फक्त कॉम्प्युटर जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडणं. त्यामुळे कंपनी लहान बॅटरी देते, माझ्या गाडीत ४५ अँपिअर-तासाची आहे. पण ती मेली तर रिले लागत नाहीत, मग मोठी बॅटरी भरलेली असो की पेट्रोल टँक फुल असो, गाडी रेडी (डॅशबोर्डवर READY येऊन चालायला तयार) होतच नाही.

बॅटरी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, काही गाड्यांत बॉनेटखाली, काहींत मागे डिकीत किंवा सीटजवळ. मागे असेल तर ती बहुतेक एजीएम जातीची (सीलबंद, ॲसिड न सांडणारी) असते आणि गॅस बाहेर जायला एक बारीक नळी जोडलेली असते. बदलताना तीच जात, तोच साइज, आणि ती नळी परत लावायची. स्वस्तात मिळते म्हणून साधी ॲसिडवाली बॅटरी प्रवाशांच्या जागेत बसवू नका.

३) खरेदीआधी करंट मोजा

दुकानात बॉक्सवर "२००० वॅट" लिहिलेलं असतं, तिकडे बघूच नका. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचारा. मग हिशोब सोपा आहे:

आरएमएस वॅट भागिले ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता भागिले १३.८ व्होल्ट.

क्लास डी आणि क्लास एबी हे ॲम्प्लिफायरच्या सर्किटचे दोन प्रकार, क्लास डी साधारण ८० टक्के कार्यक्षम धरा, क्लास एबी ६० टक्के. माझं सांगतो, चार चॅनल ७५ वॅटचे म्हणजे ३०० आणि सबवूफरला ३००, एकूण ६०० वॅट, दोन्ही क्लास डी. ६०० भागिले ०.८ म्हणजे ७५०, भागिले १३.८ म्हणजे ५४ अँपिअर. हेच क्लास एबीमध्ये घेतलं असतं तर ७२ अँपिअर. आवाज तेवढाच, पण १८ अँपिअर नुसती उष्णता. हायब्रिडसाठी क्लास डीच घ्या.

अर्थात हे पूर्ण ताकदीचं गणित झालं. संगीत सतत पूर्ण ताकदीवर नसतं, सरासरी साधारण एक तृतीयांश धरतात, म्हणजे माझं १८ अँपिअर. विलंबित ख्याल लावला तर त्याहून बरंच कमी, आणि पुतण्याने त्याची डीजेवाली प्लेलिस्ट लावली की काटा वर.

आता दुसरी बाजू. पेट्रोल गाडीवाले करंट कमी पडला की मोठा अल्टरनेटर टाकतात. तुमच्याकडे तो रस्ताच नाही, कन्व्हर्टर जो आहे तो आहे. त्याची क्षमता मॉडेलप्रमाणे बदलते, सर्व्हिस ॲडव्हायझरकडून सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा काढून घ्या, मी दोन चकरा मारल्या तेव्हा मिळाला. मी स्वतःपुरती मर्यादा ठरवली आहे ती अशी, सरासरी २० अँपिअरच्या आत, टोकाला ६० च्या आत. ह्याच्या वर जायची हौस असेल तर हायब्रिड गाडी त्यासाठी चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण शेवटी त्याच लाइनवर स्टिअरिंग नि ब्रेक आहेत.

एक फायदा पण सांगतो, जो फार कोणी सांगत नाही. कन्व्हर्टरचे व्होल्ट इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतात. पेट्रोल गाडीत सिग्नलला उभं राहिलं की व्होल्ट उतरतात, बास ढिला पडतो. हायब्रिड पलासियाच्या सिग्नलला इंजिन बंद करून उभी असते तरी व्होल्ट तसेच ठाम. आणि इंजिन बंद असल्यावर केबिन इतकी शांत की निम्म्या आवाजात काम भागतं.

४) वॅट वाढवायच्या आधी स्पीकर चांगले घ्या

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला किती आवाज निघतो ते, लिहिलेली असते, डेसिबलमध्ये. ९० च्या ऐवजी ९३ डेसिबलवाला घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट लागतात. निम्मे! हे मला आधी माहीत असतं तर मी ॲम्प्लिफायर लहान घेतला असता. तसंच दरवाज्यांना आतून डॅम्पिंग शीट लावा, पत्रा थरथरायचा थांबला की खर्ज आपोआप भरतो, तिथे एक अँपिअरही खर्च होत नाही. ज्यांना फक्त थोडा बास हवा आहे त्यांनी सीटखाली बसणारा छोटा ॲक्टिव्ह सबवूफर (ॲम्प्लिफायर आतच असलेला) बघावा, बहुतेकांचं त्यात समाधान होतं.

५) सामान आणि कागद

सामान आम्ही थोडं सियागंजमधून आणि थोडं महाराणी रोडवरून घेतलं. वायर घेताना फार सावध राहा. दिसायला जाडजूड पण आत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली वायर सर्रास विकतात. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. अस्सल तांब्याची ४ गेज, म्हणजे साधारण २१ चौरस मिलिमीटर, पाच मीटर लांबीला ४५ अँपिअरवर जेमतेम ०.१८ व्होल्ट खाते. ८ गेज घेतली तर ०.४६ व्होल्ट जातात.

- ४ गेज तांब्याची वायर लाल नि काळी, आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला गाण्याचा सिग्नल नेणारी), रिमोटची बारीक वायर
- एएनएल फ्यूज (जास्त करंटचा मोठा फ्यूज) आणि होल्डर, थिंबल (वायरच्या टोकाला दाबायची धातूची कडी), हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), जाळीची स्लीव्ह, कापडी टेप
- थिंबल दाबायचं चांगलं क्रिंपिंग टूल, पक्कडीने दाबलेलं थिंबल उन्हाळ्यात सैल होतं
- मल्टिमीटर, आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, घेताना विचारा
- पॅनल काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या
- गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर, म्हणजे कंपनीची वायर कापावी लागत नाही

कागद: ओनर्स मॅन्युअल, वॉरंटी बुकलेट, विम्याची पॉलिसी, आणि प्रत्येक वस्तूचं पक्कं जीएसटी बिल. टोयोटा आणि मारुती हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात, ती वायर कापून धोक्यात घालू नका. आणि विमा कंपनीला कळवा. पॉलिसीत इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज जोडता येतात, त्याला आयएमटी २४ म्हणतात, किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम. ४०,००० ची सिस्टीम असेल तर १,६०० रुपये अधिक टॅक्स. न कळवता बसवलं आणि चोरी झाली तर एक पैसा मिळत नाही.

६) नारिंगी आणि पिवळं, दोन्हीला हात लावायचा नाही

नारिंगी वायर म्हणजे हाय व्होल्टेज. जीव जाऊ शकतो, मी वाढवून सांगत नाहीये. तिथून काही "टॅप" करायचं नाही, नारिंगी हँडलचा सर्व्हिस प्लग ओढायचा नाही, जवळ ड्रिल चालवायचं नाही. या केबल बहुतेक गाड्यांत फरशीखालून जातात, म्हणून फरशीला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. "मोठ्या बॅटरीतून डायरेक्ट देतो, मस्त वाजेल" असं कोणी म्हणालं तर गाडी घेऊन सरळ घरी या.

पिवळे कनेक्टर एअरबॅगचे. पिलरच्या आत कर्टन एअरबॅग असते, तिच्यावरून वायर ओढू नका.

७) वायरिंग

गाडी पूर्ण बंद करा, स्मार्ट की लांब नेऊन ठेवा, दहा मिनिटं थांबा, मग १२ व्होल्ट बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं लॉक इलेक्ट्रिक असेल तर हे करताना डिकी बंद होऊ देऊ नका.

पॉझिटिव्ह वायर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. फ्यूज बॉक्समधून किंवा सिगारेट लायटरच्या लाइनमधून ॲम्प्लिफायर चालत नाही, त्या वायर १०-१५ अँपिअरच्या असतात. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, कारण फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो, वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागायच्या आत तो उडाला पाहिजे. माझ्या दोन ॲम्प्लिफायरचे फ्यूज ३० नि ३०, म्हणून मेन ६० चा.

बॉनेटमधून आत यायला कंपनीच्या रबरी ग्रोमेटमधूनच यायचं. पुढे दरवाज्याच्या पट्टीखालून मागे. पॉवरची वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने.

निगेटिव्हचं नीट वाचा. ॲम्प्लिफायरजवळ, दीड फुटाच्या आत, बॉडीवर जागा शोधा, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा आणि बोल्टने घट्ट करा, वरून गंज न लागणारा स्प्रे. सीट बेल्टचा बोल्ट कधीही वापरायचा नाही. आणि निगेटिव्ह वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर नेऊ नका. बऱ्याच नव्या गाड्यांत त्या टर्मिनलवर करंट सेन्सर असतो, तुम्ही सेन्सरच्या अलीकडून जोडलं की ॲम्प्लिफायरने खाल्लेला करंट गाडीच्या हिशोबात येत नाही आणि चार्जिंग बिघडतं. माझ्या गाडीत पहिल्यांदा नेमकं असंच केलेलं होतं.

८) रिमोटची वायर, माझी गाडी जिने बंद पाडली ती

ॲम्प्लिफायर कधी जागा व्हायचा नि कधी झोपायचा हे ही बारीक निळी वायर ठरवते. ती एसीसी लाइनवर (स्टिरिओ वगैरेसाठीची, गाडीच्या बटणाबरोबर चालू-बंद होणारी लाइन) लावायची, म्हणजे गाडी बंद की ॲम्प्लिफायर बंद. माझ्या गाडीत ती कायम चालू असलेल्या लाइनला जोडली होती. गाणी बंद, पण ॲम्प्लिफायर रात्रभर जागा, क्लॅम्प मीटरवर ०.९ अँपिअर. ४५ ला ०.९ ने भागा, ५० तास. लग्नाच्या धावपळीत गाडी तीन दिवस उभी होती, आम्ही सगळे स्कूटरवर फिरत होतो. बॅटरी दोन दिवसांतच बसली असणार. शेजारच्या काकांनी जंप केबल आणली म्हणून निघालो, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरेपर्यंत माझं लक्ष डॅशबोर्डवरच होतं.

म्हणून काम झाल्यावर ही चाचणी कराच: गाडी लॉक करा, चावी घरात ठेवा, अर्धा तास थांबा म्हणजे सगळे कॉम्प्युटर झोपतात, मग बॅटरीच्या वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. बॉनेट उघडं ठेवून मोजायचं असेल तर लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा, नाहीतर गाडीचे कॉम्प्युटर झोपतच नाहीत. कंपनीचा स्टिरिओ ठेवून हाय लेव्हल इनपुटवाला (स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेणारा) ॲम्प्लिफायर लावला असेल तर त्याचा ऑटो-ऑन, म्हणजे सिग्नल आला की आपोआप चालू होणं, नीट झोपतोय का तेही यातच कळतं.

जंप देताना उलटी केबल लागली तर कन्व्हर्टरचं नुकसान होऊ शकतं, दोनदा बघून लावा. आणि दुसऱ्याची गाडी जंप करायला आपली हायब्रिड देऊ नका.

९) सबवूफरची जागा

बऱ्याच टोयोटा हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते, मोठ्या बॅटरीला थंड हवा तिथून जाते. तिच्यासमोर सबवूफरचा बॉक्स, चटई, पिशवी काही नको. इंदौरच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना ती जाळी झाकली तर बॅटरी तापते आणि गाडी ताकद कमी करते. ॲम्प्लिफायरलाही चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा सोडा.

१०) गेन लावणं

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवायचा स्क्रू आहे. स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, बास-ट्रेबल सगळं शून्य, स्पीकर काढा आणि टेस्ट टोन वाजवा, सबवूफरला ५० हर्ट्झ, बाकीच्यांना १००० हर्ट्झ. मल्टिमीटर एसी व्होल्टवर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट येईपर्यंतच गेन फिरवायचा. ७५ वॅट नि ४ ओहमला १७.३ व्होल्ट. ३०० वॅट नि २ ओहमला २४.५ व्होल्ट. मी त्याहूनही थोडा खाली ठेवलाय.

११) शेवटची परीक्षा रस्त्यावर

गाडी रेडीमध्ये, हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर, वायपर, सगळं चालू करा आणि गाणं जोरात लावा. बॅटरीवर मल्टिमीटर धरा. १३.५ च्या वर टिकलं तर छान. १३ च्या खाली जायला लागलं म्हणजे कन्व्हर्टर पुरत नाहीये आणि बॅटरी खर्च होतेय, गेन कमी करा. स्टिअरिंग किंवा ब्रेकची वॉर्निंग आली तर तिथेच थांबा आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढून ठेवा. कोणी कपॅसिटर किंवा दुसरी बॅटरी विकायला बघेल, पण त्यांनाही चार्ज याच कन्व्हर्टरने करायचंय, तेव्हा करंट कुठून नवीन येत नाही.

नंतर खरखर तपासा. यासाठी तानपुऱ्याइतकी चांगली टेस्ट नाही. नुसता तानपुरा लावा, हळू आवाजात, आणि गाडी इलेक्ट्रिकवर हळूहळू पुढे न्या. वेगाबरोबर वर जाणारी बारीक शिट्टी ऐकू आली तर इन्व्हर्टरचा (गाडीच्या मोटरला करंट देणाऱ्या यंत्राचा) आवाज आरसीएमध्ये शिरतोय, नव्वद टक्के वेळा ग्राउंड सैल असतं किंवा आरसीए पॉवरच्या वायरला चिकटून गेलेली असते. आम्हाला ग्राउंडची जागा बदलावी लागली.

१२) रोजच्या वापरात

उभ्या गाडीत ऐकायचं तर ब्रेक दाबून रेडी करून ऐका. सुपर कॉरिडॉरवर संध्याकाळी कितीतरी जण नुसतं एसीसीवर गाणी लावून बसलेले दिसतात, पेट्रोल गाडीची मोठी बॅटरी ते तासभर सहन करते, आपली करणार नाही. एसीसीमध्ये कन्व्हर्टर बंद असतो. रेडीमध्ये मोठी बॅटरी पुरवते, ती उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये रेडी ठेवून कधीही बसू नका, इंजिन कधी सुरू झालं ते कळत नाही आणि धूर आत साचतो. लहान मुलांना रेडी गाडीत एकटं सोडायचं नाही, तेही याच कारणाने, शिवाय गाडी आवाज न करता पुढे सरकू शकते.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मध्ये एकदा अर्धा-पाऊण तास रेडीमध्ये ठेवा किंवा फिरवून आणा. पादचाऱ्यांसाठी हळू वेगात जो गुणगुण आवाज येतो तो बंद करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि रात्री १० नंतर कॉलनीत काचा बंद, आवाज बेताचा.

आमचं पुढचं पुण्याचं जाणं गणपतीत आहे. बाबांनी गाडीसाठी वेगळा पेन ड्राइव्ह भरून ठेवलाय.